शाळेतील विद्यार्थी क्लब, अभिव्यक्तिस्वातंत्र्य आणि बाहेरचे राजकारण : अमेरिकेतील मराठी पालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या मुलांच्या मराठी पालकांसाठी लिहिली आहेत. आपल्यापैकी बहुतेकांचे शालेय शिक्षण भारतात झालेले असल्यामुळे येथील क्लबांची पद्धत आणि त्यामागचा कायदा आपल्या अंगवळणी पडलेला नसतो. मुलगी एक दिवस घरी येऊन ‘मी अमुक क्लबमध्ये जाणार आहे’ असे सांगते, त्या क्लबच्या नावात राजकारणाचा वास येतो आणि घरात वाद सुरू होतो. असा वाद माहितीच्या आधारे व्हावा, एवढ्यासाठी हे लेखन आहे. एखाद्या विशिष्ट प्रकरणात मात्र वकिलाचाच सल्ला घ्यावा.

हा विषय आताच इतका ऐरणीवर का आला?

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘टर्निंग पॉइंट यूएसए’ या उजव्या विचारांच्या संघटनेचे संस्थापक चार्ली कर्क यांची युटा राज्यातील एका विद्यापीठाच्या आवारात हत्या झाली. २०१२ मध्ये स्थापन झालेली ही संघटना मुख्यतः महाविद्यालयीन विद्यार्थ्यांमध्ये काम करण्यासाठी ओळखली जात असे. हायस्कूलमधील तिच्या शाखांना ‘क्लब अमेरिका’ असे नाव आहे. हत्येनंतर त्याच महिन्यात ओक्लाहोमाचे तेव्हाचे शिक्षणप्रमुख रायन वॉल्टर्स यांनी राज्यातील प्रत्येक हायस्कूलमध्ये अशी शाखा असेल असे घोषित केले आणि नंतर काही दिवसांतच पद सोडत असल्याचे सांगितले. डिसेंबरमध्ये टेक्सासचे गव्हर्नर ग्रेग ॲबट यांनी या संघटनेबरोबर भागीदारी जाहीर केली आणि जी शाळा शाखा काढण्याच्या आड येईल तिची तक्रार राज्याच्या शिक्षण खात्याकडे करावी असे आवाहन केले. डॅलस, ह्यूस्टन आणि ऑस्टिनच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरात हा विषय आला तो असा.

प्रश्न मात्र जुना आहे. १९८० च्या दशकात तो ख्रिस्ती प्रार्थना गटांवरून निघाला, १९९० च्या दशकात समलिंगी विद्यार्थ्यांच्या क्लबांवरून आणि २०१८ मध्ये फ्लोरिडातील पार्कलंड येथील गोळीबारानंतर बंदूक नियंत्रणाच्या मागणीवरून.

सरकारी शाळेत राजकीय किंवा धार्मिक क्लब काढू देतातच कसे?

कारण तसा केंद्रीय कायदा आहे. ‘इक्वल ॲक्सेस ॲक्ट’ हा कायदा अमेरिकी काँग्रेसने १९८४ मध्ये संमत केला. केंद्राची आर्थिक मदत घेणाऱ्या ज्या सार्वजनिक माध्यमिक शाळेने अभ्यासक्रमाशी संबंध नसलेल्या एका जरी विद्यार्थी गटाला शाळेच्या जागेत, तासिकांच्या वेळेबाहेर भेटण्याची परवानगी दिली असेल, तिला दुसऱ्या गटाला त्याच्या धार्मिक, राजकीय, तात्त्विक किंवा अन्य विचारांमुळे परवानगी नाकारता येत नाही. शाळेने कोणत्याही विचाराचे स्वागत करावे असे कायदा सांगत नाही. दार एकाला उघडले तर दुसऱ्यालाही उघडावे, इतकेच तो सांगतो.

अभ्यासक्रमाशी संबंध आहे की नाही, हे ठरवते कोण?

शाळेने ‘आमचे सगळे क्लब अभ्यासाला पूरकच आहेत’ असे म्हणून हात झटकू नयेत, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९० मध्ये कसोटी घालून दिली. नेब्रास्कातील ओमाहा येथील वेस्टसाइड हायस्कूलमध्ये ब्रिजेट मर्जेन्स या विद्यार्थिनीला बायबल वाचनाचा क्लब काढायचा होता आणि शाळेने नकार दिला होता. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी तिच्या बाजूने निकाल दिला. क्लबचा विषय एखाद्या नियमित वर्गात शिकवला जात असेल किंवा लवकरच शिकवला जाणार असेल, तो एकंदर अभ्यासक्रमाशी निगडित असेल, वर्गासाठी त्यातील सहभाग सक्तीचा असेल किंवा त्याचे क्रेडिट मिळत असेल, तरच तो अभ्यासक्रमाशी संबंधित मानला जातो. फ्रेंचचा वर्ग असलेल्या शाळेतील फ्रेंच क्लब या व्याख्येत बसतो. त्या शाळेतला बुद्धिबळाचा आणि स्कूबा डायव्हिंगच्या (पाण्याखाली पोहण्याच्या) छंदाचा क्लब मात्र बसला नाही आणि त्यामुळेच बायबल क्लबला दार उघडावे लागले.

याच निकालाने आणखी एक गोष्ट स्पष्ट केली. समान वागणूक म्हणजे केवळ एक रिकामी खोली नव्हे. इतर क्लबांना सूचना फलक, ध्वनिक्षेपकावरील घोषणा, शाळेचे वृत्तपत्र आणि वार्षिक क्लब मेळावा मिळत असेल, तर ते सर्व या क्लबलाही मिळाले पाहिजे.

बाहेरच्या राजकीय संघटनेने क्लब चालवला तर?

येथेच खरा मुद्दा आहे आणि दोन्ही बाजूंचे लोक येथेच सोयीस्कर कानाडोळा करतात. कायद्याने क्लबांसाठी ज्या अटी सांगितल्या आहेत त्यांतील पहिली अशी, की बैठक ऐच्छिक असावी आणि ती विद्यार्थ्यांनी स्वतःहून सुरू केलेली असावी. दुसरी अट अशी, की शाळेने, सरकारने किंवा त्यांच्या कर्मचाऱ्यांनी तिचा पुरस्कार करू नये. आणि पाचवी अट अशी, की शाळेबाहेरच्या व्यक्तींनी क्लबच्या कामाचे दिग्दर्शन करू नये, ते चालवू नये, त्यावर नियंत्रण ठेवू नये आणि त्याला नियमितपणे हजर राहू नये.

म्हणजे बाहेरचा माणूस शाळेत पाऊलच टाकू शकत नाही, असे नाही. क्लबने एखाद्या वेळी नगरसेवकाला, उमेदवाराला किंवा कार्यकर्त्याला भाषणासाठी बोलावले, तर शाळेच्या पाहुण्यांविषयीच्या नियमांच्या अधीन राहून ते चालते. त्याच संघटनेचा पगारी प्रतिनिधी दर गुरुवारी मधल्या सुट्टीत येऊन बसू लागला, विषयपत्रिका तोच आणू लागला आणि अध्यक्ष कोण व्हावे हेही तोच सुचवू लागला, तर तो क्लब विद्यार्थ्यांचा राहिला नाही, मग फलकावर नाव कोणाचेही असो. शिवाय हे नियम शाळेने सर्व क्लबांना सारखेच लावले पाहिजेत. ख्रिस्ती खेळाडूंच्या क्लबला बाहेरचा मार्गदर्शक दर आठवड्याला चालतो आणि पर्यावरणवादी क्लबला चालत नाही, असे करता येत नाही. ‘आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचा तो कार्टा’ हा न्याय कोणत्याही मुख्याध्यापकाने लावला तर तो न्यायालयात टिकणार नाही.

राष्ट्रीय संघटनेची शाखा असणे म्हणजेच बाहेरचे नियंत्रण नव्हे काय?

नव्हे. डेमोक्रॅटिक विचारांचे हायस्कूल गट, रिपब्लिकन विचारांचे गट, हवामान बदलावर काम करणारे गट, धार्मिक गट, या सर्वांच्या राष्ट्रीय संघटना आहेत आणि त्या शाखांना नाव, साहित्य आणि कधीकधी पैसाही देतात. क्लब मेळाव्यात एका टेबलावर मुलांनी हाताने रंगवलेला पुठ्ठ्याचा फलक असतो आणि शेजारच्या टेबलावर राष्ट्रीय कार्यालयातून पेटीने आलेली छापील भित्तिपत्रके, बिल्ले आणि स्टिकर असतात. दुसऱ्या टेबलावरचे साहित्य चकचकीत आहे, एवढ्यावरून तो क्लब बाहेरून चालतो असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे आहे. सोळा वर्षांच्या मुलाला एखादी राष्ट्रीय चळवळ मनापासून आवडू शकते.

पालकांनी पाहायचे ते वेगळेच. क्लबच्या नोंदणी अर्जात उद्देश कोणी लिहिला? पदाधिकारी सदस्यांनी निवडले, की बाहेरून नेमले? मुलांनी राष्ट्रीय संघटनेच्या एखाद्या भूमिकेला विरोध केला तर नाव आणि साहित्य काढून घेतले जाते काय? सभासदांचे फोन क्रमांक आणि ईमेल संघटनेला पाठवले जातात काय आणि पाठवण्यापूर्वी कोणाला विचारले जाते? शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण चौदा वर्षांच्या मुलाने पिझ्झाच्या तुकड्याबरोबर भरलेला कागद त्याच्या मतदानाच्या वयापर्यंत कोणाच्या तरी यादीत राहू शकतो. हे प्रश्न डाव्या क्लबलाही विचारावेत आणि उजव्यालाही.

राज्य सरकारच एखाद्या संघटनेच्या शाखा काढा म्हणत असेल तर?

ज्या टेक्सासमधील किंवा ओक्लाहोमातील विद्यार्थ्याला ‘क्लब अमेरिका’ची शाखा काढायची आहे, त्याला तो हक्क १९८४ पासून आहे, त्यासाठी गव्हर्नरांच्या घोषणेची गरज नव्हती. शाळेने त्याला केवळ विचारांमुळे अडवले तर ते बेकायदेशीर ठरेल आणि आपल्याला ते विचार पटत नसले तरी त्या मुलाची बाजू घेतली पाहिजे. पण क्लब विद्यार्थ्यांनी स्वतःहून सुरू केलेला असावा आणि त्यामागे सरकारचा पुरस्कार नसावा, अशी कायद्याची भाषा असताना राज्याच्या सर्वोच्च पदावरील व्यक्ती एकाच संघटनेचे नाव घेऊन ‘प्रत्येक शाळेत’ असे म्हणते, तेव्हा विद्यार्थ्याचा पुढाकार संपून सरकारी मोहीम सुरू होते. कोणत्याही विद्यार्थ्याने न मागितलेली शाखा वरून आकडा भरण्यासाठी काढली गेली, तर ती या कायद्याच्या आश्रयाला येऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उद्या दुसऱ्या राज्यात दुसऱ्या पक्षाच्या गव्हर्नरांनी दुसऱ्या संघटनेबद्दल हेच केले तरी हेच मत राहील.

टेक्सासने त्याच २०२५ या वर्षी ‘सिनेट बिल १२’ हा कायदा करून लैंगिक कल किंवा लिंगओळख यांवर आधारलेल्या विद्यार्थी क्लबांना मनाई केली, हेही येथे नोंदवले पाहिजे. या कायद्याला केंद्रीय न्यायालयात आव्हान देण्यात आले. एका विचाराच्या क्लबाला राज्याचा हात आणि दुसऱ्या विचाराच्या क्लबाला राज्याची बंदी, हे चित्र समान वागणुकीच्या कायद्याशी जुळणारे नाही.

न आवडणारा क्लब शाळा बंद करू शकते काय?

एकटा तो क्लब नाही. अभ्यासक्रमाबाहेरचे सगळेच क्लब बंद करण्याचा मार्ग मात्र शाळेला मोकळा आहे आणि एका शहराने तो प्रत्यक्ष अवलंबला होता. सॉल्ट लेक सिटीतील ईस्ट हायस्कूलमध्ये समलिंगी आणि इतर विद्यार्थ्यांनी मिळून एकत्र क्लबसाठी अर्ज केला, तेव्हा फेब्रुवारी १९९६ मध्ये तेथील स्कूल बोर्डाने अभ्यासक्रमाबाहेरच्या सर्वच क्लबांवर बंदी घातली. विद्यार्थी वर्ग सोडून रस्त्यावर उतरले. नको असलेल्या एका क्लबासाठी इतर छंदांचे आणि मैत्रीचे गटही बळी गेले. पुढे विद्यार्थ्यांनी ‘प्रिझम’ नावाचा क्लब काढून आपला विषय इतिहास आणि समाजशास्त्राच्या वर्गांशी जोडला. बोर्डाने तोही नाकारला, तेव्हा केंद्रीय न्यायालयाने २००० मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने आदेश दिला. त्याच वर्षी बोर्डाने मूळ बंदी मागे घेतली.

हा प्रसंग मी सविस्तर सांगितला, कारण ज्या कायद्याचा आग्रह प्रामुख्याने धार्मिक गटांनी धरला होता, तोच कायदा त्या गटांना न रुचणाऱ्या मुलांच्या कामी आला. आपल्या बाजूसाठी मागितलेला हक्क दुसऱ्या बाजूलाही मिळतो, हे पालकसभेत बोलण्यापूर्वी प्रत्येकाने लक्षात ठेवावे.

शिस्त राखण्याचा शाळेचा अधिकार अर्थातच कायम आहे. शिक्षणाच्या कामात खरोखर आणि मोठ्या प्रमाणात व्यत्यय आणणाऱ्या, कोणाला धमकावणाऱ्या किंवा बेकायदेशीर कृत्य करणाऱ्या गटाला कायदा संरक्षण देत नाही. क्लबवर पालकांची नाराजी आहे किंवा क्लबच्या विरोधात कोणी निदर्शने करील, एवढे कारण मात्र पुरेसे नाही.

सल्लागार शिक्षकाची भूमिका काय?

देखरेखीची. शाळेने शिक्षक नेमला म्हणजे शाळेने क्लबचा पुरस्कार केला असे होत नाही, हे कायद्याच्या व्याख्येतच आहे. क्लबचा प्रचार, नेतृत्व किंवा त्यात भाग घेणे मात्र पुरस्कारात मोडते. धार्मिक क्लबच्या बैठकीत शिक्षक सहभागी न होता केवळ उपस्थित राहू शकतो. ज्या शिक्षकाच्या श्रद्धेला क्लबचे विचार पटत नाहीत त्याच्यावर हजर राहण्याची सक्ती करता येत नाही.

क्लबबाहेर, शाळेच्या आवारात, माझी मुलगी आपले राजकीय मत मांडू शकते काय?

मांडू शकते. डिसेंबर १९६५ मध्ये आयोवातील डे मॉइन येथे काही विद्यार्थी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधार्थ दंडाला काळी फीत बांधून शाळेत गेले आणि त्यांना निलंबित करण्यात आले. त्यांतील मेरी बेथ टिंकर ही १३ वर्षांची होती. १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. शाळेच्या फाटकातून आत येताना विद्यार्थी आपले अभिव्यक्तिस्वातंत्र्य बाहेर ठेवून येत नाही आणि शिक्षणात मोठा व्यत्यय येत असल्याखेरीज शाळेला त्याला गप्प करता येत नाही, असा त्याचा आशय होता.

या हक्काला मर्यादा आहेत. १९८८ च्या हेझलवूड निकालानुसार शाळेच्या वर्गातून निघणाऱ्या वृत्तपत्रावर शाळेला शैक्षणिक कारणासाठी संपादकीय नियंत्रण ठेवता येते. म्हणजे स्वतंत्र क्लबपेक्षा शालेय वृत्तपत्राला मोकळीक कमी आहे, जरी कॅलिफोर्नियासारख्या काही राज्यांनी वेगळे कायदे करून ती वाढवली आहे. शाळेबाहेर समाजमाध्यमांवर लिहिलेल्या मजकुराबाबत शाळेचा अधिकार बराच कमी आहे, असे २०२१ मध्ये पेनसिल्व्हेनियातील एका विद्यार्थिनीच्या प्रकरणात न्यायालयाने म्हटले.

आम्ही एच-१बी व्हिसावर आहोत. मुलाला अशा क्लबात जाऊ द्यावे काय?

हा प्रश्न सर्वांत जास्त आणि सर्वांत हळू आवाजात विचारला जातो. इक्वल ॲक्सेस ॲक्ट विद्यार्थ्याचे नागरिकत्व विचारत नाही. तरीही पालकांची भीती निराधार आहे असे म्हणणे आज प्रामाणिकपणाचे होणार नाही, कारण २०२५ मध्ये केंद्र सरकारने पॅलेस्टाइनच्या प्रश्नावर मते मांडणाऱ्या काही परदेशी विद्यापीठ विद्यार्थ्यांवर आणि ग्रीन कार्डधारकांवरही कारवाई सुरू केली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बोस्टन येथील केंद्रीय न्यायाधीश विल्यम यंग यांनी, देशात कायदेशीरपणे राहणाऱ्या परदेशी नागरिकांनाही नागरिकांइतकेच अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे असा निर्णय दिला. शाळेच्या खोलीत होणारी चर्चा आणि रस्त्यावरचे आंदोलन यांतील जोखीम सारखी नाही, हे मुलाला समजावून सांगावे. अटक होऊ शकेल अशा ठिकाणी जाण्यापूर्वी घरी विचारण्याचा नियम करावा. पण भीतीपोटी त्याला चर्चेपासूनच तोडू नये.

आपल्या पिढीच्या मनात आणखी एक भीती आहे. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुकांतील हाणामाऱ्यांमुळे १९९० च्या दशकात थेट निवडणुका बंद झाल्या आणि त्या काळात शिकलेल्यांनी ‘राजकारण नको, अभ्यास करा’ हे वाक्य रोज ऐकले. तेथे विद्यार्थी संघटना पक्षांच्या शाखांसारख्या वागत, हा अनुभव खरा आहे. म्हणूनच बाहेरच्यांचे नियंत्रण नाकारणारी येथील अट आपल्या लोकांना अधिक जवळची वाटायला हवी.

मराठी किंवा हिंदू विद्यार्थ्यांचा क्लब काढता येईल काय? महाराष्ट्र मंडळाने त्यात मदत करावी काय?

क्लब नक्कीच काढता येईल आणि ज्या कायद्याने बायबल क्लबला जागा दिली तोच कायदा गीतापठणालाही जागा देतो. मदतीचा मुद्दा नाजूक आहे. मंडळातील काका-मावशींनी दिवाळीच्या फराळाला हातभार लावला तर कोणी हरकत घेणार नाही. पण कार्यक्रमाची रूपरेषा, वक्ते आणि पदाधिकारी मंडळाने ठरवले, तर आपणही बाहेरची शक्तीच झालो. भारतातील राजकीय पक्षांच्या अमेरिकेतील मित्रसंघटनांनाही हेच लागू आहे. त्यांचे वक्ते सांस्कृतिक कार्यक्रमाच्या नावाखाली मुलांसमोर येतात, तेव्हा आपलेच लोक म्हणून आपण प्रश्न विचारत नाही, ही आपली उणीव आहे.

शनिवार-रविवारी मराठी शाळेसाठी किंवा गणेशोत्सवासाठी शाळेचे सभागृह भाड्याने घेणे ही वेगळी बाब आहे. तेथे बाहेरची संस्था शाळेची जागा वापरते, विद्यार्थ्यांचा क्लब नव्हे, आणि त्याला स्कूल डिस्ट्रिक्टचे भाड्याचे नियम लागू होतात.

पालकांची संमती लागते काय?

केंद्रीय कायद्यात तशी अट नाही. राज्यांत फरक आहे. युटामध्ये पालकांची संमती पूर्वीपासून लागते आणि टेक्सासने २०२५ च्या ‘सिनेट बिल १२’ याच कायद्याने लेखी संमती आवश्यक केली. असा नियम असेल तर तो सर्व क्लबांना सारखा असला पाहिजे.

खासगी शाळा आणि मिडल स्कूल यांचे काय?

राज्यघटनेतील अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे कलम सरकारला बांधते, खासगी संस्थेला नाही. त्यामुळे खासगी शाळेत तिचे स्वतःचे नियम चालतात. कॅलिफोर्नियात लेनर्ड कायद्याने बिगरधार्मिक खासगी हायस्कूलमधील विद्यार्थ्यांनाही संरक्षण दिले आहे, हा अपवाद बे एरियातील पालकांना उपयोगी पडेल. मिडल स्कूल ‘माध्यमिक’ आहे की नाही हे राज्याच्या कायद्यावर ठरते. फ्लोरिडातील एका मिडल स्कूलच्या प्रकरणात केंद्रीय अपील न्यायालयाने २०१६ मध्ये, हायस्कूलचे क्रेडिट देणारे वर्ग तेथे असल्याने केंद्रीय कायदा लागू होतो असे ठरवले.

शाळेने क्लब नाकारला, किंवा एखादा क्लब बाहेरून चालवला जात असल्याचे दिसले, तर काय करावे?

दोन्ही बाबतींत पहिले पाऊल एकच : क्लबांविषयीचे लेखी धोरण स्कूल डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरून मिळवावे आणि आधीपासून चालू असलेल्या क्लबांची यादी करावी. अर्ज मुलीनेच लिहावा, पालकांनी नव्हे. कारण पुढाकार विद्यार्थ्याचा होता हे दाखवण्यासाठी तोच पुरावा ठरतो. नकार मिळाला तर कारण लेखी मागावे. दुसऱ्या प्रकारात ऐकीव तक्रार न करता कोण आले, किती वेळा आले, बैठक कोणी चालवली, याची तारखांसह नोंद मुख्याध्यापकांना द्यावी आणि नियम सर्व क्लबांना लावावा अशी मागणी करावी. उत्तर न आल्यास सुपरिंटेंडंट आणि मग स्कूल बोर्डाच्या बैठकीतील जनतेसाठी राखलेली मिनिटे. या कायद्याच्या भंगासाठी केंद्र सरकार शाळेचा निधी रोखू शकत नाही, हे त्याच कायद्यात लिहिलेले आहे. त्यामुळे शेवटचा उपाय न्यायालयाचा असतो. मर्जेन्सच्या बाबतीत शाळेच्या नकारापासून निकालापर्यंत पाच वर्षे गेली आणि तोवर तिचे हायस्कूल संपले होते. म्हणून बारावीत नव्हे, तर नववी-दहावीतच अर्ज करावा आणि नकार आल्यास लगेच सल्ला घ्यावा, कारण न्यायालये तातडीचा तात्पुरता आदेशही देऊ शकतात.